हॉल केवढा आहे, ते नंतर सांगा

वाचनालयाचे कार्यवाह, हायस्कूलचे मुख्याध्यापक, गणेश मंडळातली पोरं, सगळ्यांचा प्रश्न एकच असतो: "औंधच्या संग्रहालयातली चित्रं पंधरा दिवस आमच्या गावात आणता येतील का?" आणि पाठोपाठ, "आमचा हॉल मोठा आहे, पाचशे माणूस बसतं." तुम्ही विचारलंत म्हणून सविस्तर लिहितो. पाचशे माणूस बसतं की पन्नास, यावर संग्रहालयाचा होकार अवलंबून नसतो. खोलीत ऊन कुठून येतं, भिंतीला ओल आहे का आणि रात्री किल्ली कोणाकडे असते, हे त्यांना आधी हवं असतं.

पहिल्यांदा मूळ चित्रं की प्रतिकृती, हे ठरवा. सातारा जिल्ह्यातल्या औंधचं श्री भवानी चित्रसंग्रहालय तिथले संस्थानिक बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ साली उभं केलं. तिथे राजा रविवर्मांची तैलचित्रं आहेत. अशी चित्रं शेजारच्या तालुक्यात न्यायची तरी वरची परवानगी, विमा, पहारा हे सगळं आलंच. माझं मत स्पष्ट आहे: गावच्या पहिल्या प्रदर्शनाला ती मागूच नयेत. मूळ मापाच्या उत्तम छापील प्रतिकृती आणि कुलपाच्या काचपेटीत दोन-चार कणखर मूळ वस्तू, एवढ्यानेही गाव लोटतं. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाची बस २०१५ पासून अशीच प्रदर्शनं घेऊन फिरते. आणि उसनवारीचं म्हणाल, तर साताऱ्याला ती नवी नाही. जुलै २०२४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधली वाघनखं तीन वर्षांच्या बोलीवर आली, ती आधी साताऱ्यातच मांडली गेली.

मूळ चित्रं येणारच असतील, तर सगळ्यात जास्त जपायचं ते उजेडापासून. उजेड लक्समध्ये मोजतात. जलरंग, कागद, कापड यांच्यावर ५० लक्सच्या वर उजेड नको. तैलरंगाला १५० ते २०० चालतो. ५० लक्स, रोज आठ तास, तीस दिवस, म्हणजे १२,००० लक्स-तास झाले. खिडकीशी २,००० लक्स सहज असतात. तिथे तेवढाच मारा सहा तासांत होतो. महिनाभराची झीज एका दिवसात. उडालेला रंग परत आणता येत नाही. म्हणून पश्चिमेच्या आणि दक्षिणेच्या खिडक्यांना जाड काळं कापड लावा. हॅलोजनचे दिवे काढून एलईडी बसवा आणि तेही चित्रापासून लांब. मोबाईलवरचं लक्स मोजणारं ॲप अंदाजापुरतं ठीक, खरं मोजमाप मीटरनेच.

ओलीचं गणित आपल्याकडे तालुक्यागणिक बदलतं. पाटण-जावळीकडे पावसाळ्यात कपडे वाळत नाहीत, खटाव-माणात ओठ फुटतात. हवेतली आर्द्रता ४५ ते ६० टक्क्यांत राहावी. ती सत्तरीच्या वर टिकली की बुरशी धरते. पण आकड्यापेक्षा चढउतार वाईट. दिवसा एसी आणि रात्री बंद केला, तर लाकडी चौकट आणि कॅनव्हास रोज फुगतात-आकसतात आणि रंगाचे पापुद्रे सुटतात. आर्द्रता दाखवणारं छोटं डिजिटल यंत्र काही शे रुपयांत मिळतं. अर्ज करण्याआधी पंधरा दिवस सकाळ-दुपार आकडे लिहून ठेवा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ बरा. सांगलीत कृष्णेकाठच्या भागात तळमजल्याचा विचारच नको; ऑगस्ट २०१९ चा महापूर सगळ्यांना आठवतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारीतच उसाचा गळीत हंगामही असतो, तेव्हा गाडी पहाटे निघू द्या, म्हणजे ट्रॅक्टर-ट्रॉल्यांमागे आचके खात यावं लागणार नाही.

जुन्या वाड्याच्या मातीच्या भिंतीत खिळा धरत नाही आणि भिंतीची ओल थेट चित्राच्या पाठीला लागते. त्यापेक्षा आठ बाय चारचे प्लायवूडचे उभे पॅनेल करा. ते नागमोडी जोडले की आपोआप उभे राहतात. एका बाजूला एक चित्र धरलं, तर वीस चित्रांना दहा पॅनेल पुरतात. रंग निदान दोन आठवडे आधी द्या, ताज्या रंगाची वाफ चित्रांना बाधते. चित्राचा मध्य जमिनीपासून १४५ ते १५० सेंटिमीटरवर. शाळकरी मुलं जास्त येणार असतील, तर १२५. प्रत्येक चित्राला दोन हूक, एकावर ते तिरकं होत राहतं.

उद्घाटनाबद्दल हात जोडून सांगतो. समई, उदबत्ती, नारळ हे सगळं दाराबाहेर. तुपा-तेलाची काजळी चिकट असते, ती रंगावर बसली की सहजी निघत नाही, आणि नारळाचं पाणी किती लांब उडतं ते तुम्हीही पाहिलंय. देवीचं चित्र दिसलं की आयाबायांचा हात हळदीकुंकवाकडे जातो, राजांचं दिसलं की हाराकडे. त्यांना अडवून अपमान करू नका. प्रवेशाशीच त्याच चित्राची एक मोठी छापील प्रत लावा आणि हार-कुंकू तिथे होऊ द्या. हे आधी ठरलं नसेल, तर ऐनवेळी पाहुण्यांसमोर कोणी 'नको' म्हणत नाही.

चित्रांच्या पेट्या आल्या की लगेच उघडू नका, चोवीस तास प्रदर्शनाच्याच खोलीत ठेवा. मग प्रत्येक चित्राची स्थिती लिहा. टॉर्च बाजूने तिरपा धरला की तडे, फुगवटे, सुटलेला रंग दिसतो. त्याचे फोटो काढा आणि संग्रहालयाच्या माणसाची सही घ्या. हीच नोंद परतीला पुन्हा करा. ती नसली, तर वीस वर्षांपूर्वीचा तडाही गावाच्या नावावर लागतो.

सगळ्यात जास्त घोळ परतीच्या बांधणीत होतो. समारोप झाला की मंडळी पांगतात, उरलेली दोघं घाईने चित्रं भलत्या खाचेत बसवतात. म्हणून उघडतानाच पेटीतल्या प्रत्येक खाचेवर आकडा घाला आणि फोटो काढून तो झाकणाच्या आतून चिकटवा. काचेवर कागदी चिकटपट्टीच्या उभ्या-आडव्या पट्ट्या मारा, म्हणजे काच फुटली तरी तुकडे चित्रावर सांडणार नाहीत. झाकण स्क्रूने बंद करायचं, हातोडा नाही. आणि मधले पंधरा दिवस रिकाम्या पेट्या पडवीत ठेवू नका. फोम आणि प्लायवूड तिथली ओल पितात, कसर शिरते, आणि तेच चित्रांबरोबर औंधला परत जातं.