स्लॅममधून रॅपकडे : सहावा आठवडा

स्लॅमची, म्हणजे स्टेजवरच्या कवितास्पर्धेची, माझी एक कविता मी रॅपमध्ये बसवतेय. मागच्या नोंदीत मी फुशारकी मारली होती की कविता तयारच आहे, खाली बीट (तालाचा ट्रॅक) टाकला की झालं. ते शब्द परत घेते.

कविता 2 मिनिटं 50 सेकंदांची, स्लॅमच्या 3 मिनिटांत बसावी म्हणून घासूनपुसून घेतलेली. बीट 90 बीपीएमचा, म्हणजे मिनिटाला 90 ठोके, साधा बूम-बॅप (जुन्या हिप-हॉपचा ठेका). चार ठोक्यांचा बार (तालाचं एक आवर्तन) 2.67 सेकंदांचा, म्हणजे 16 बारचा व्हर्स, रॅपचं कडवं, जेमतेम 43 सेकंदांत संपतो. चार व्हर्समध्ये अख्खी कविता मावते. कागदावर मावली, तोंडात मावेना. शब्दांचं काही नाही, गोची झाली ती गप्प बसण्याची. स्टेजवर मी समोरच्यांचा श्वास बघून थांबते. कधी एक सेकंद, कधी तीन. बीट कुणाचा श्वास बघत नाही. जरा रेंगाळले की पुढची ओळ भलत्याच ठोक्यावर जाऊन आदळते आणि स्नेअर, म्हणजे ड्रमचा कडक ठोका, माझ्याच शब्दावर बसतो.

मग प्रत्येक ओळ 16 खणांत मांडली, एका ठोक्याला चार खण. इथे एक गंमत कळली. अक्षरं मोजून काही होत नाही, उच्चार मोजावे लागतात. ‘परवानगी’ लिहिताना पाच अक्षरं, पण बोलताना पर्-वान्-गी, तीनच. लहानपणापासून अक्षरं मोजायची सवय असलेल्यांनी इथे सावध राहावं. मी दोन संध्याकाळी वाया घालवल्या. आता आधी ओळ मोबाइलवर बोलून घेते, ऐकते, मगच खणांत भरते. थांबासाठीसुद्धा खण रिकामे ठेवते आणि त्यात फुली मारते.

यमकाचंही तेच. स्लॅममध्ये मी यमकाला नाक मुरडायचे. बीटवर ते लागतं, कारण कान दुसऱ्या नि चौथ्या ठोक्यावर काहीतरी शोधत असतो. पण ‘होतं, जातं, येतं’ ही क्रियापदांची रांग चौथ्या बारपर्यंत कंटाळा आणते. सध्या स्वर जुळवतेय : ‘भिंतीला कान’ला ‘चिंधीचा मान’. चारही ठिकाणी स्वर तेच आणि शेवट क्रियापदावर नाही. वाक्य उलटंपालटं करावं लागतं, पण मराठी ते आनंदानं सहन करते.

रेकॉर्डिंगबद्दल थोडक्यात. स्टेजचा आवाज माइकसमोर आणू नका. पहिले टेक (रेकॉर्डिंगचे प्रयत्न) फाटलेच. आता शिखर, म्हणजे आवाजाची सर्वांत वरची पातळी, -6 डीबीच्या (डेसिबल) आसपास ठेवते आणि ‘प’, ‘फ’ फुटू नयेत म्हणून माइक तोंडासमोर न धरता किंचित बाजूला धरते. डबल करताना, म्हणजे तीच ओळ पुन्हा वर गाताना, आपण दरवेळी वेगळं बोलतो हे पुराव्यासकट सिद्ध होतं.

अधूनमधून अमेरिकन कवी सॉल विल्यम्स ऐकते. 1996 मध्ये न्यूयॉर्कच्या न्यूयॉरिकन पोएट्स कॅफेचा ग्रँड स्लॅम, म्हणजे तिथली मोठी कवितास्पर्धा, जिंकलेला माणूस, पुढे संगीतात गेला. त्याला ऐकून हे काम सोपं वाटतं, म्हणून आठवड्यातून एकदाच ऐकते.

हूकसाठी, म्हणजे पुन्हा पुन्हा येणाऱ्या धृपदासाठी, जागा काढायला एक अख्खा व्हर्स कापला. त्यात आजीच्या चष्म्याच्या ओळी होत्या, स्लॅमला हमखास टाळ्या घेणाऱ्या. दुसऱ्यांदा ऐकल्यावर त्या फिक्या पडतात. गाणं तर दहादा ऐकलं जातं, म्हणून गेल्या.

शेवटची ओळ मात्र अजून अडली आहे. ती शांततेतूनच यायला हवी. म्हणून आधीचे दोन बार बीट काढून टाकला. आठ ठोके मनात मोजायचे आणि बीट परत येतो त्याच क्षणी शब्द टाकायचा. काल अकरा टेक झाले : सात वेळा घाईनं आधीच बोलले, तीनदा उशीर झाला. एकदा बरोबर जमलं, तेव्हा खुर्ची करकरली.