मोपाची रात्र आणि पत्रादेवीला थांबवून ठेवलेली लक्झरी

कुडाळला माझं तिकिटांचं ऑफिस आहे. रेल्वे, लक्झरी बस, विमान सगळं करतो, आणि गणपतीत एर्टिगा पण स्वतःच चालवतो, कारण त्या दिवसांत ड्रायव्हर लोक आपापल्या घरी आरतीला असतात आणि त्यांना बोलवायचं तरी कुठल्या तोंडाने. विमानाचं गिऱ्हाईक आलं की पहिला प्रश्न ठरलेला, चिपी, मोपा की दाभोळी? चिपी हा आमच्या सिंधुदुर्गातला एअरपोर्ट, बाकीचे दोन गोव्यातले. मोबाईलवर स्वतः बुक करणारे नुसतं गोवा टाकतात आणि स्वस्त दिसेल ते घेतात, मग मला फोन, अमुक वाजता गाडी पाठव. मी आधी तिकिटाचा फोटो मागतो. त्यावर एअरपोर्टचा कोड जीओआय असेल तर दाभोळी, जीओएक्स असेल तर मोपा. मोपा आम्हाला बांद्यापलीकडे, तासाभराचा विषय, दाभोळी म्हणजे अख्खा उत्तर गोवा ओलांडून जायचं. तिकिटात वाचवलेले पाचशे रुपये तिथे डिझेलमध्येच जातात, वर वेळ गेला तो वेगळाच. मोपाला ५ जानेवारी २०२३ पासून विमानं सुरू झाली तेव्हापासून आमच्या बाजूची बहुतेक लोकं तिकडूनच जातात.

तर २०२५ च्या गणपतीतली गोष्ट. गौरी-गणपतींचं विसर्जन होऊन एक दिवस झालेला, चाकरमानी परत निघालेले, कोकणकन्या तुतारी सगळ्याला वेटिंग, लक्झरीवाले मागतील तो भाव. परुळ्याचे एक गुरुजी आणि काकी मुंबईला जायचे होते, काकींच्या डोळ्याचं ऑपरेशन, दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला हॉस्पिटलात हजर व्हायचं, आणि ही तारीख आधीच एकदा पुढे गेलेली. गुरुजींनी मला चौथीला शिकवलंय, म्हणजे नाही म्हणायचा प्रश्नच नाही. मोपाहून संध्याकाळी ७:४० चं विमान काढून दिलं.

आता गंमत बघा, गुरुजींच्या घरून चिपीचा एअरपोर्ट रिक्षाने दहा मिनिटांवर. ९ ऑक्टोबर २०२१ ला तो सुरू झाला तेव्हा अख्खा परुळा गाव आभाळाकडे बघत होता. सरकारच्या स्वस्त विमानप्रवासाच्या उडान योजनेत मुंबईची फेरी मिळाली, पण त्या योजनेतलं पाठबळ तीन वर्षांचंच असतं, ती वर्षं भरली आणि २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये ती फेरी थांबली. त्यामुळे गुरुजींच्या त्या तारखेला चिपीहून मुंबईचं काही नव्हतं. मुंबई उत्तरेला आणि आम्ही निघालो दक्षिणेला, दीड तास. गुरुजी गाडीत बसतानाच म्हणाले, "बाबू, ह्या काय खरा नाय."

निघायच्या आधी काकींची हातातली बॅग मी उघडायला लावली. त्यात गौरीच्या ओटीचे दोन नारळ. मी म्हटलं काकी, हे आत नेऊ देणार नाहीत. केबिन बॅगेत नारळ चालत नाही, आणि सुकं खोबरं तर मोठ्या बॅगेत पण नाही, त्यात तेल असतं, आपोआप पेट घेऊ शकतं म्हणून ते धोक्याच्या मालात धरतात. काकींना काही पटेना. "देवीच्या ओटीचो नारळ, तेचा कोण काय करतलो?" त्यात गुरुजी पेपर वाचणारे, त्यांनी आठवण करून दिली की शबरीमलाला जाणाऱ्यांना मध्यंतरी काही महिने नारळ न्यायला परवानगी दिली होती. दिली होती, २०२४-२५ च्या यात्रेच्या वेळी, खरी गोष्ट आहे. पण ती सवलत अय्यप्पाच्या भक्तांना, आमच्या गौरीला कोण विचारतो. शेवटी नारळ देवघरात ठेवले आणि निघालो. सोबत पिंगुळीचा एक आयटीतला पोरगा होता, त्याच विमानाचा, त्याची दुसऱ्या दिवशी सकाळी मीटिंग.

बांद्याच्या जवळ आलो तेव्हा पहिला मेसेज आला, विमान ८:३० ला निघेल. सीझन आहे, पन्नास मिनिटं काय मोठी नाहीत. पण एक सवय म्हणून मी पोराला म्हटलं, येणारं विमान कुठे आहे ते बघ. ही गोष्ट खूप जणांना माहीत नसते. तुमचं विमान सकाळपासून तुमची वाट बघत मोपाला उभं नसतं, ते दिवसभर ह्या शहरातून त्या शहरात फिरत असतं, सकाळी कुठेतरी तासभर गेला की तो प्रत्येक फेरीत थोडा थोडा वाढत जातो आणि संध्याकाळी आपल्या बोकांडी बसतो. पोराने ॲपवर बघितलं, विमान हैदराबादला जमिनीवर. तिथून मोपा सव्वा तास तरी, मग उतरायचं, माणसं उतरवायची, झाडायचं, पुन्हा भरायचं. ८:३० होणारच नव्हतं.

मी गाडीतूनच एका ओळखीच्या लक्झरीवाल्याला फोन लावला. त्याची गाडी पणजीहून निघून पावणेनऊच्या सुमारास गोव्याच्या हद्दीवर पत्रादेवीला येते, मोपाहून वीस मिनिटं. नशिबाने दोन स्लीपर होते. म्हटलं गुरुजी-काकींसाठी धरून ठेव, साडेआठला सांगतो. तो म्हणाला आज रस्त्यावर उभी राहून लोकं दुप्पट देतायत, पण तू म्हणतोस म्हणून ठेवतो.

एअरपोर्टवर पोचलो, मी गुरुजींना सगळं सांगितलं. ते काउंटरवर जाऊन विचारून आले, तिथल्या मुलीने सांगितलं साडेआठला शंभर टक्के जाणार, वेदरमुळे थोडं लेट आहे. आता शंभर टक्के म्हटल्यावर सत्तरी पार केलेला माणूस काय करणार, बॅगा दिल्या आणि सिक्युरिटी करून आत गेले. मी बाहेर पार्किंगमध्ये. विमान सुटेपर्यंत मी हलत नाही, सीझनला तर नाहीच.

आठ दहाला दुसरा मेसेज, ९:१५. पोराचा आतून फोन, दादा विमान अजून हैदराबादलाच आहे. मी गुरुजींना फोन करून म्हटलं, बाहेर या, बस आहे. तर आत गेल्यावर बाहेर येणं एवढं सोपं नसतं, एअरलाईनचा माणूस सोबत लागतो, पोटात गेलेली बॅग परत काढावी लागते, आणि तो माणूस म्हणत होता की सर आता बोर्डिंग सुरू होईल, तुम्ही गेलात तर तुमचं तिकीट जाईल. साडेआठ. लक्झरीवाल्याचा फोन. पावणेनऊ, परत फोन. त्याने पत्रादेवीला गाडी दहा मिनिटं थांबवली, मागून पॅसेंजर शिव्या घालतायत ते मला फोनवर ऐकू येत होतं. शेवटी मीच म्हटलं, जा बाबा.

आणि तो गेला त्यानंतर पंधरा मिनिटांनी तिसरा मेसेज, १०:१५.

मला ह्या धंद्यात येऊन बराच काळ झाला, आणि माझं स्पष्ट मत आहे की आपली लोकं उशिराला घाबरत नाहीत. कोकण रेल्वेच्या पावसाळी टाइमटेबलवर वाढलेली माणसं आहेत ही. पण गाडी चार तास लेट असली तर दुपारीच कळतं, माणूस घरी जेवतो, झोप काढतो आणि वेळेवर स्टेशनला जातो, किंवा सरळ बसने जातो. विमानवाले उशीर हप्त्याहप्त्याने देतात. पन्नास मिनिटं, मग पाऊण तास, मग अजून एक तास. प्रत्येक हप्त्याला माणूस म्हणतो एवढं थांबलो तर अजून थोडं, आणि तेवढ्यात मागचा एकेक रस्ता बंद होत जातो. पाच वाजता कोणी खरं सांगितलं असतं की हे विमान दहाच्या आत निघत नाही, तर माझे दोन पॅसेंजर पत्रादेवीहून झोपून मुंबईला गेले असते.

खायला म्हणून सगळ्यांना एक सँडविच आणि ज्यूसचा डबा दिला. दोन तासांवर उशीर झाला की एवढ्या लहान मार्गावर खाणं द्यावंच लागतं, नियम आहे. काकींनी स्वतःचे घावणे काढले आणि शेजारी डोंबिवलीचं एक कुटुंब होतं, त्यांच्या रडणाऱ्या पोराला पण दिले. हे मला नंतर पोराने सांगितलं. गुरुजी मात्र काचेजवळ उभे राहून हिशोब ठेवत होते, म्हणजे खरंच, तिकिटाच्या मागे पेनने लिहीत होते की कुठलं विमान किती वाजता सुटलं.

अकरा दहाला रद्द.

बॅगा परत मिळायला पाऊण तास. मग सगळे बाहेरच्या तिकीट खिडकीवर, साठ-सत्तर माणसं आणि आत तीच मुलगी आणि एक पोरगा. लोकं ओरडतायत, एकजण व्हिडिओ काढतोय, डोंबिवलीवाली बाई टेबलावर हात आपटतेय. ती मुलगी एकच वाक्य म्हणत होती, सर वेदर, मॅम वेदर. गुरुजी हळूहळू पुढे गेले आणि तिकिटाची मागची बाजू तिच्यासमोर धरली.

"बाय, तुमचा इमान सोडून पाच इमाना गेली हयसून. हवामान काय तुमच्याच इमानाक लागला?"

सगळी लाइन गप्प. मुलगी पेडण्याची असणार, तिने मान वर केली आणि एकदम घरच्या भाषेत आली, "काका, माका पण आत्ताच कळला. दुपारी एकपासून हंय उभी आसंय." मग म्हणाली की क्रूचे ड्युटीचे तास संपले. पायलटचे तास ठरलेले असतात, ते भरले की विमान दारात उभं असलं तरी उडवता येत नाही, आणि ते बरोबरच आहे, पेंगणारा पायलट कोणाला पाहिजे. ती पण खोटं बोलत होती असं मी म्हणणार नाही, हैदराबादला पाऊस पडला तरी ते वेदरच, आणि तिला वरून येतं तेच ती बोलते. जे वरून पाठवतात ते कधी खिडकीवर दिसत नाहीत.

पण हा वेदर शब्द पैशाचा आहे, तो समजून घ्या. विमान ऐनवेळी रद्द झालं तर पूर्ण रिफंड किंवा दुसरं विमान, ह्यातलं काय पाहिजे ते प्रवाशाने ठरवायचं. त्याशिवाय भरपाई असते, तासाभराच्या आतल्या मार्गाला ५,००० पर्यंत, एक ते दोन तासांना ७,५०० पर्यंत, त्यापुढे १०,०००, किंवा मूळ भाडं अधिक इंधन आकार, ह्यातलं जे कमी असेल ते. कारण हवामान असलं तर भरपाई शून्य. आणि बुकिंगमध्ये प्रवाशाचा फोन नंबर नसला तरी ते हात वर करू शकतात, म्हणून मी कधीच स्वतःचा नंबर टाकत नाही, बरेच एजंट टाकतात. हॉटेलचं विचारलं तर त्यातही एक मेख, रात्री आठ ते पहाटे तीनमधल्या विमानाला सहा तासांच्या वर उशीर झाला तर खोली मिळते, आमचं विमान मुळात ७:४० चं. वीस मिनिटांनी हुकलं.

मी गुरुजींना मागून म्हटलं, कारण लिहून घ्या. गुरुजींनी कागदच मागितला. मुलीने सर्टिफिकेट छापून दिलं, त्यावर कारण 'ऑपरेशनल' होतं, म्हणजे हवामान नाही, कंपनीचं स्वतःचं. गुरुजींनी तिथेच उभं राहून आपल्या नावाचं स्पेलिंग दुरुस्त करायला लावलं आणि दुसरी प्रिंट घेतली. मागची लाइन परत तापली, पण त्यांच्यासमोर बोलायची कोणाची हिंमत झाली नाही.

त्यांच्या कंपनीचं पुढचं विमान दुसऱ्या दिवशी दुपारी. ते काही कामाचं नव्हतं. मी रिफंड टाकला आणि पार्किंगमध्ये बसून दुसऱ्या कंपनीचं सकाळी सहाच्या सुमाराचं पहिलं विमान बघितलं, भाडं जवळपास दुप्पट. आयटीवाल्याने विचार न करता घेतलं. गुरुजींनी काकींकडे बघितलं आणि म्हणाले काढ. रात्री एक वाजता कुठलं घर गाठणार, बांद्याला एका लॉजवर तीन तास पाठ टेकली, मी गाडीतच. सकाळचं पहिलं विमान बहुतेक वेळा रात्रीच येऊन उभं असतं, त्यामुळे ते सहसा रखडत नाही, ते पाच मिनिटं आधी सुटलं. गुरुजींच्या मुलीने हॉस्पिटलला फोन करून वेळ साडेअकराची करून घेतली होती. ऑपरेशन झालं.

रिफंड आला. भरपाईसाठी एअरलाईनने आधी मेलवर क्रेडिट शेल देऊ केलं, म्हणजे पुढच्या वेळी आमच्याच विमानात बसा. गुरुजींनी सर्टिफिकेटचा फोटो लावून मराठीत पत्र लिहिलं, मी त्याचं इंग्रजी करून एअरसेवा ह्या सरकारच्या तक्रारीच्या पोर्टलवर टाकलं. मग माणशी चार हजाराच्या आसपास जमा झाले, कारण मूळ भाडं तेवढंच होतं. सकाळच्या तिकिटाचा जास्तीचा खर्च त्यात निघाला नाहीच.

डिसेंबरात देशभर विमानांचा जो घोळ झाला, फेऱ्या धडाधड रद्द आणि भाडी आभाळाला, शेवटी सरकारने पाचशे किलोमीटरच्या आतल्या मार्गाला ७,५०० ची मर्यादा घातली, त्या आठवड्यात माझ्या ऑफिसात जो येईल तो भाड्यावर बोलत होता. गुरुजी पण आले होते, चष्म्याचे पैसे भरायला कुडाळला आलेले. भाड्याचं त्यांनी काढलंच नाही. विचारलं काय, तर "त्या लक्झरीवाल्याक दोन सीटींचे पैसे दिलंस काय?" दिले नव्हते, त्याने मागितलेच नव्हते. त्यांनी पाकिटातून काढून टेबलावर ठेवले. जानेवारीत काकींची तपासणी होती, त्यासाठी मांडवीची दोन थ्री-एसी मागितली. येताना विमान चालेल म्हणाले, पण सकाळचं पहिलं असलं तरच.