लाइट गेली की फिश टँकचं आधी हवेचं बघा

लाइट गेली की बहुतेकांचं लक्ष पहिल्यांदा बंद पडलेल्या फिल्टरकडे जातं, थंडी असेल तर हीटरकडे. दोन्ही प्रश्न खरे आहेत, पण नंतरचे. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून होणारा अमोनिया त्रासदायक पातळीला यायला साधारण एक दिवस लागतो, शंभर लिटर पाणी गार व्हायला रात्र जाते. गर्दीच्या टँकमधला विरघळलेला प्राणवायू मात्र दोन-तीन तासांत धोक्याच्या पातळीला येऊ शकतो. म्हणून तयारीचा क्रम असा: आधी हवा, मग फिल्टरमधले, अमोनिया संपवणारे जिवाणू, मग तापमान.

प्राणवायूचा हिशेब एकदा करून बघण्यासारखा आहे. 20 अंशांच्या गोड्या पाण्यात लिटरमागे जास्तीत जास्त 9 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, 28 अंशांना 7.8 आणि 32 अंशांना 7.3 च्या आसपास. म्हणजे एप्रिल-मेमध्ये मुळात शिल्लकच कमी, आणि नेमकं गरम पाण्यात माशांचं श्वसन वाढलेलं. समजा 28 अंशांचं 100 लिटर पाणी आहे. त्यात सगळा मिळून 780 मिलिग्रॅम प्राणवायू. लिटरमागे 3 मिलिग्रॅमच्या खाली बहुतेक मासे अडचणीत येतात, म्हणजे वापरायला मिळतात 480. टँकमध्ये एकूण अर्धा किलो वजनाचे गोल्डफिश असतील आणि किलोमागे तासाला 300 मिलिग्रॅमचा ढोबळ खर्च धरला, तर तासाला 150 जातात. तीन तासांत शिल्लक संपली. वाळूतले आणि स्पंजमधले जिवाणू, तळाशी कुजणारं खाणं आणि अंधारात झाडं जे घेतात ते वेगळंच. पाण्याच्या पृष्ठभागातून थोडी भर पडत राहते, पण पाणी स्थिर असेल तर फार हळू. याच टँकमध्ये दहा-बारा निऑन टेट्रा असतील तर काहीही न करता रात्र निघून जाते. तेव्हा ‘किती तास चालेल’ याला सगळ्यांसाठी एक उत्तर नाही. माशांचं वजन, पाण्याचं तापमान आणि टँकचा आकार यावर ते ठरतं. उंच, अरुंद टँकपेक्षा तेवढ्याच पाण्याचा लांब-रुंद टँक नेहमी सुरक्षित, कारण त्याचा पृष्ठभाग मोठा.

गोल्डफिश, ऑस्कर, डिस्कस आणि मलावीचे सिक्लिड यांचं आधी बघायचं. फायटर, गुरामी यांना वरची हवा थेट घेता येते, त्यामुळे ते जास्त वेळ काढतात. मात्र त्यासाठी झाकण आणि पाणी यांच्यात मोकळी हवा लागते. ऊब टिकावी म्हणून टँक वरून घट्ट बंद केला तर त्यांचंही अवघड होतं. खाऱ्या पाण्यात त्याच तापमानाला प्राणवायू सुमारे पाचव्या हिश्श्याने कमी मावतो, म्हणून मरीन टँकवाल्यांनी बॅटरीवरच्या सोयीशिवाय राहूच नये.

लाइट गेल्या गेल्या खाणं बंद. मोठे, धडधाकट मासे चार-पाच दिवस उपाशी सहज राहतात, आणि खाल्लेलं पचवायला त्यांना जास्त प्राणवायू लागतो. महावितरणचा देखभालीसाठी वीज बंद ठेवण्याचा मेसेज आला असेल तर आदल्या संध्याकाळपासूनच खाणं थांबवा. झाकण उघडा, पण उड्या मारणारे मासे असतील तर वर जाळी टाका. फिल्टर आणि हीटरचे प्लग काढून ठेवा, याचं कारण पुढे येईल.

घरात कसलीच सोय नसेल तर पाणी काढायचा मग आहेच. टँकमधलंच पाणी मगमध्ये घ्यायचं आणि वीतभर उंचीवरून परत ओतायचं. पाच मिनिटं हे केलं की अर्धा तास थांबायचं. धार तळापर्यंत जाऊन वाळूतली घाण उठवणार नाही याची काळजी घ्या, दुसऱ्या हाताच्या पंजावर ओतलं की पुरतं. बुडबुड्यांमधून प्राणवायू विरघळतो तो थोडाच. मुख्य काम पृष्ठभाग हलण्याचं, खालचं पाणी वर येऊन हवेला लागण्याचं असतं. मगने तेच होतं. पण रात्रभर हे कुणी करू शकत नाही, आणि झाडांच्या टँकमध्ये प्राणवायू सगळ्यात कमी असतो तो पहाटे. त्यामुळे मगने पाणी ओतणं हा फक्त दुपारच्या दोन-तीन तासांचा उपाय समजा.

खरा उपाय म्हणजे बॅटरीवर चालणारा छोटा एअर पंप, आणि तो आधीपासून नळीसकट जोडून ठेवलेला. बाजारात तीन प्रकार मिळतात. सेलवर चालणारा सगळ्यात स्वस्त. त्यात मोठे डी साइझचे अल्कलाइन सेल घाला, साध्या सेलपेक्षा ते बरेच जास्त टिकतात. पण सेल पंपात बसवून महिनोन् महिने ठेवू नका, गळून पत्रे गंजतात. दुसरा प्रकार एसी-डीसी पंप. तो कायम प्लगला असतो आणि लाइट गेली की आतल्या बॅटरीवर आपोआप सुरू होतो. दिवसभर घर बंद असणाऱ्यांनी हाच घ्यावा. फक्त दोन-तीन महिन्यांतून एकदा प्लग काढून तो किती तास चालतो ते घड्याळ लावून बघा, कारण आतली बॅटरी हळूहळू दमते आणि वरून ते कळत नाही. तिसरा यूएसबी पंप, पॉवर बँकेवर चालणारा. याचं गणित सोपं आहे. 10,000 एमएएचची बँक म्हणजे 3.7 व्होल्टच्या हिशेबाने 37 वॉट-तास, व्होल्टेज बदलण्यातला तोटा वजा जाता हातात साधारण 28. पंप 1 वॉटचा असेल तर 28 तास, दीड वॉटचा असेल तर 18 तास. एक खोच आहे. काही पॉवर बँका इतका कमी करंट ओढला जातोय म्हटल्यावर ‘फोन चार्ज झाला’ असं समजून थोड्या वेळात स्वतःच बंद होतात. हे ऐन वेळी कळून उपयोग नाही. सुटीच्या दिवशी दोन तास लावून बघा. बंद पडत असेल तर दुसऱ्या पोर्टला छोटा यूएसबी दिवा लावला की बहुतेकदा काम होतं, नाहीतर बँक बदला.

या छोट्या पंपांना जोर कमी असतो. दीड फूट खोल टँकच्या तळाशी बारीक छिद्रांचा एअर स्टोन ठेवला तर जेमतेम चार बुडबुडे येतात. तोच स्टोन पृष्ठभागापासून आठ-दहा इंचांवर लटकवा, हवा दुप्पट वाटेल. त्याहून चांगलं म्हणजे एअर स्टोनऐवजी स्पंज फिल्टर जोडणं. त्याला दाब कमी लागतो, पाणी फिरतं आणि जिवाणूही जगतात. पण कोरा स्पंज ऐन वेळी टाकून गाळण होत नाही, त्यावर जिवाणूंची वस्ती बसायला महिना-दीड महिना लागतो. मोठा फिल्टर असला तरी कोपऱ्यात एक स्पंज फिल्टर कायम चालू ठेवावा, असं माझं ठाम मत आहे.

पंप पाण्याच्या पातळीच्या खाली ठेवला असेल तर नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह हवाच. हवा थांबली की पाणी उलटं सायफन होऊन पंपात आणि तिथून जमिनीवर येतं. व्हॉल्व्ह कोणत्या बाजूने लावायचा हे तोंडाने फुंकून बघावं. ज्या बाजूने फुंक जाते ती बाजू पंपाकडे.

इन्व्हर्टर असलेल्या घरांत ‘टँक इन्व्हर्टरवर आहे’ एवढ्यावर लोक निर्धास्त असतात. 150 एएच, 12 व्होल्टची बॅटरी म्हणजे कागदावर 1800 वॉट-तास, जुन्या बॅटरीत त्याचे निम्मे धरा. दोन जुने पंखे आणि दोन-तीन दिवे लावले की 180-200 वॉट होतात आणि साडेचार-पाच तासांत सगळं संपतं. तेही रात्री, सगळे झोपलेले असताना. शिवाय इन्व्हर्टर स्वतः चालू राहायलाच पंधरा-वीस वॉट खातो, त्यामुळे फक्त 4 वॉटच्या एअर पंपासाठी तो रात्रभर चालू ठेवणं ही उधळपट्टी आहे. म्हणून टँकची सोय घरच्या इन्व्हर्टरपासून वेगळीच ठेवा. इन्व्हर्टर पहिल्या काही तासांसाठी, पॉवर बँक त्यानंतरसाठी. स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर एअर पंप आणि फिल्टरच्या मोटारी गुरगुरतात आणि तापतात, साइन वेव्ह असेल तरच त्या बराच वेळ चालवाव्यात. हीटर इन्व्हर्टरवर लावू नका.

झाडांच्या टँकमध्ये कार्बन डायऑक्साइड सोडत असाल तर सिलिंडरवरचा सोलेनॉइड (विजेवर चालणारा व्हॉल्व्ह) लाइट गेल्यावर आपोआप बंद होतो. साखर-यीस्टच्या बाटलीला मात्र लाइटशी देणंघेणं नसतं. ती वायू सोडतच राहते आणि पाणी स्थिर असल्याने तो साठत जातो. तिची नळी लगेच टँकबाहेर काढा.

आता कॅनिस्टर फिल्टर. लाइट गेल्यावर न मेलेले मासे लाइट आल्यावर मरतात ते बऱ्याचदा याच्यामुळे. कॅनिस्टर हा बंद डबा आहे आणि आतल्या मीडियावर (गाळणीच्या स्पंज, कड्यांवर) जिवाणू दाटीवाटीने बसलेले असतात. अमोनियातल्या 1 ग्रॅम नायट्रोजनचं रूपांतर करायला त्यांना सुमारे साडेचार ग्रॅम प्राणवायू लागतो. पाणी वाहायचं थांबलं की डब्यातला प्राणवायू थोड्याच वेळात संपतो. मग उपयोगी जिवाणू मरू लागतात, साठलेला गाळ प्राणवायूविना कुजतो आणि अमोनिया, हायड्रोजन सल्फाइड तयार होतं. लाइट आली की मोटार हे सगळं पाणी एका झटक्यात टँकमध्ये ढकलते. तास-दीड तास बंद असेल तर काळजी नको. त्यापुढे मात्र डबा उघडून वास घ्या. सडक्या अंड्यासारखा वास येत असेल तर आतलं सगळं पाणी टाकून द्या, मीडिया टँकच्याच पाण्यात हलक्या हाताने विसळा आणि मगच जोडा. नळाच्या पाण्यात धुतलं तर उरलेसुरले जिवाणूही क्लोरीनने जातात. लाइट बराच वेळ येणार नाही असं दिसलं तर आधीच मीडिया काढून जाळीच्या पिशवीत घालून टँकमध्ये, एअर स्टोनच्या शेजारी लटकवा. मीडिया ओला राहिला आणि त्याला हवा लागत राहिली तर जिवाणू दोन-तीन दिवस तग धरतात. प्लग काढून ठेवायचा तो याचसाठी, तुम्ही घरात नसताना फिल्टर स्वतःहून सुरू होऊ नये म्हणून. काचेच्या कडेला टांगायच्या हँग-ऑन फिल्टरमधलं पाणी उतरून गेलं असेल तर तो कोरडा फिरून मोटार जळते, सुरू करण्यापूर्वी त्यात मगभर पाणी घाला.

तापमानाचं थोडक्यात. उन्हाळ्यात गोठवलेल्या पाण्याची बंद बाटली टँकमध्ये तरंगवता येते. 1 लिटर बर्फ 100 लिटर पाणी साधारण 1 अंशाने खाली आणतो, म्हणून एका वेळी एकच बाटली. सुटा बर्फ टाकू नका, त्यात नळाचं क्लोरीन असतं. गरम पाण्याच्या बाटलीचा परिणाम त्यामानाने कमी: 60 अंशांचं 1 लिटर पाणी 22 अंशांच्या 100 लिटरला अर्धा अंशही चढवत नाही. म्हणून नागपूर-नाशिकच्या थंडीत बाटल्यांपेक्षा काचेला बाहेरून थर्माकोल आणि जाड चादर गुंडाळणं जास्त कामाचं. गुंडाळायचं ते चारही बाजूंनी, वरून मोकळं.

मुंबईत 12 ऑक्टोबर 2020 ला ग्रिड कोसळलं तेव्हा प्रश्न तासांचा होता. 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळानंतर श्रीवर्धन, मंडणगड, दापोली भागातल्या अनेक गावांत तो आठवड्यांचा झाला. एवढ्या लांबणीत पॉवर बँकही संपते. तेव्हा गाडीच्या 12 व्होल्टच्या सॉकेटवर किंवा छोट्या सोलर पॅनेलवर ती पुन्हा भरायची, गर्दी कमी असेल तर पंप अर्धा तास चालू, अर्धा तास बंद ठेवायचा, आणि रोज वीस-पंचवीस टक्के पाणी बदलायचं. यात एक अडचण हमखास येते. लाइट नाही म्हणजे सोसायटीचा किंवा विहिरीचा पंप नाही, म्हणजे पाणीही नाही. पावसाळ्याच्या तोंडावर टँकच्या निम्मं तरी पाणी पिंपात भरून ठेवा. बारा-चोवीस तास उघडं राहिलं की क्लोरीन उडून जातं. पाणीपुरवठ्यात क्लोरामाइन वापरत असतील तर ते उडत नाही, तिथे अँटीक्लोर (क्लोरीन मारणारं औषध) घालावंच लागतं.

लाइट परत आल्यावर लगेच काही लावू नका. पहिल्या काही मिनिटांत व्होल्टेज खालीवर होतं. दहा मिनिटांनी आधी एअर पंप, मग तपासलेला फिल्टर, शेवटी हीटर, आणि तोही पूर्ण पाण्याखाली आहे ना ते बघून. या काळात साठलेला कार्बन डायऑक्साइड हवा सुरू झाल्यावर निघून जातो आणि पीएच वर चढतो. पीएच 7 ला एकूण अमोनियाचा जेमतेम एक टक्का भाग विषारी रूपात असतो, पीएच 8 ला 28 अंशांवर तो सहा-सात टक्के होतो. म्हणजे चाचणीच्या पट्टीवर आकडा तोच, पण त्रास बराच जास्त. म्हणून लांबलेल्या बंदनंतर अमोनिया लिटरमागे 0.25 मिलिग्रॅमच्या वर दिसला तर हवा जोरात सोडण्याच्या जोडीने चतुर्थांश पाणी बदलाच. पुढचे तीन-चार दिवस रोज अमोनिया आणि जिवाणू त्यापासून बनवतात ते नायट्राइट तपासा. नायट्राइट दिसत असेल आणि टँकमध्ये नाजूक झाडं नसतील तर लिटरमागे 1 ग्रॅम साधं, आयोडीन नसलेलं मीठ विरघळवून घाला, क्लोराइडमुळे नायट्राइट कल्ल्यांतून कमी शिरतं. खाणं दुसऱ्या दिवसापासून, नेहमीच्या चौथाईने सुरू करा आणि दोन्ही चाचण्या शून्यावर आल्या की पूर्ववत करा.