गेमवर १२+ लिहिलंय, पण माइकवर कोण आहे?

नववीतल्या लेकरासाठी एखादा गेम बरा की नाही हे ठरवताना माझा वेळ मारामारी बघण्यात गेला नाही, माइक बंद करण्यात गेला. बाकीची कामं दोन-दोन मिनिटांत झाली. अडलं ते एकाच ठिकाणी, आणि त्याचा राग अजून गेलेला नाही.

वयाचा आकडा आधी बघून घ्या. प्ले स्टोअरवर गेमच्या पानावर ३+, ७+, १२+, १६+ किंवा १८+ असं लिहिलेलं असतं. सिनेमाला जसं सेन्सॉरचं प्रमाणपत्र लागतं, तसं गेम बघून प्रमाणपत्र देणारं मंडळ आपल्या देशात नाही. हा आकडा येतो आयएआरसी या आंतरराष्ट्रीय पद्धतीतून. रक्त दिसतं का, शिव्या आहेत का, जुगारासारखं काही आहे का, अशी प्रश्नावली गेम बनवणारा स्वतः भरतो आणि त्या उत्तरांवरून वय ठरतं. डिस्कच्या डब्यावर असतो तो पेगी या युरोपातल्या किंवा ईएसआरबी या अमेरिकेतल्या रेटिंग पद्धतीचा शिक्का. नुसता आकडा बघून थांबू नका. त्यावर बोट दाबलं की खाली बारीक अक्षरात आणखी शब्द दिसतात. 'युझर्स इंटरॅक्ट' दिसलं की समजायचं, आत अनोळखी माणसं आहेत. 'इन-गेम पर्चेसेस' म्हणजे आत दुकान आहे. ती अनोळखी माणसं काय बोलतील ते वयाच्या आकड्यात मोजलेलं नसतं. अमेरिकेची ईएसआरबी तर सरळ सांगते की ऑनलाइन बोलण्याला आमचं रेटिंग लागू नाही.

आता जिथं अडलं ते. आपली तपासायची पद्धत काय? गेम घेतला, एक मॅच खेळून बघितली, वावगं काही दिसलं नाही, फोन लेकराच्या हातात दिला. मीही तेच करत होतो. पण बॅटल रॉयल प्रकारच्या, म्हणजे शेवटपर्यंत टिकेल तो जिंकतो अशा गेममध्ये नव्या खेळाडूच्या पहिल्या काही मॅचमध्ये समोर बहुतेक बॉट असतात, म्हणजे माणसाच्या जागी कॉम्प्युटर खेळत असतो. बॉट बोलत नाही, शिव्या देत नाही. सगळ्यांना खुला असलेला वर्ल्ड चॅट आणि गिल्ड किंवा क्लॅन, म्हणजे खेळाडूंचे गट, हे बऱ्याच गेममध्ये लेव्हल वाढल्यावरच उघडतं. त्यामुळे पहिल्या दिवशी तुम्ही जो गेम बघता, तो लेकरू दहाव्या दिवशी खेळत नसतं.

खरी तपासणी आठ-दहा दिवसांनी करा, आणि तीही लेकराच्याच आयडीवरून. मोड स्क्वॉडचा, म्हणजे चौघांच्या टीमचा ठेवा, ऑटो मॅचिंग, म्हणजे गेमनंच अनोळखी खेळाडू टीममध्ये जोडायची सोय, चालू ठेवा, इअरफोन काढायला लावून आवाज स्पीकरवर घ्या. रात्री नऊनंतर बसा, दुपारी खरी गर्दी कळत नाही. रँडम खेळाडू आला की पहिला प्रश्न येतो, "किधर से है भाई?" दुसरा, "कितने साल का है?" आवाज कोवळा वाटला की तिसरा, "इंस्टा आयडी दे." मुलीचा आवाज ऐकू आला तर हा तिसरा प्रश्न सगळ्यात आधी येतो. मॅच हरली की आईबहिणीवरून सुरू होतं. सात-आठ मिनिटांत हे सगळं कानावर पडतं, आणि पानावर मात्र १२+ आणि 'मध्यम हिंसा' एवढंच लिहिलेलं असतं.

हे बंद करायला गेलं की एका बटणाचं काम नसतं. मॅचमध्ये माइक आणि स्पीकर ही दोन वेगळी बटणं आहेत, इथंच बहुतेक पालक फसतात. माइक बंद केला की आपलं लेकरू बोलत नाही, पण समोरच्याचं सगळं ऐकत राहतं. स्पीकरच्या खुणेवर दाबलं की साधारणपणे ऑल, टीम आणि ऑफ असे तीन पर्याय येतात, तो ऑफवर न्यायचा. त्यानंतर लॉबीतला, म्हणजे मॅच सुरू व्हायच्या आधी खेळाडू जमतात तिथला, आवाज वेगळा बघायचा, लिहायचा चॅट वेगळा. फ्रेंड रिक्वेस्ट आणि खाजगी मेसेज कोण पाठवू शकतं ते प्रायव्हसीच्या पानावर असतं. गिल्डची आमंत्रणं आणखी कुठंतरी. काही गेममध्ये लिहायचा चॅट पूर्ण बंदच होत नाही, एकेका माणसाला ब्लॉक करत बसावं लागतं. मी तपासलेल्या एका गेममध्ये शिव्या देणाऱ्याची तक्रार केली, तर आभार मानणारा तयार मजकूर आला आणि तोच माणूस दुसऱ्या दिवशी पुन्हा लॉबीत हजर होता. अपडेट आलं की या सगळ्या जागा परत बघा. पोरानं नवी गेस्ट आयडी, म्हणजे ईमेल न देता उघडलेलं खातं, काढली तरी परत बघा.

यातून माझा नियम पक्का झाला. ज्या गेममध्ये समोरचा आवाज पूर्ण बंद करता येत नाही, तो तेरा-चौदा वर्षांच्या लेकराला नाही, आकडा कोणताही असो. सोळाच्या पुढच्याला टीमचा आवाज चालेल, पण ऑटो मॅचिंग बंद करून, वर्गातल्या ओळखीच्या चौघांचाच स्क्वॉड असेल तर. सगळ्यात जास्त फरक पडला तो या ऑटो मॅचिंगच्या बटणानं. ते बंद असलं की रँडम येतच नाही.

पैशाचं राहिलंच. प्ले स्टोअरच्या पानावर 'अबाउट धिस गेम'मध्ये खाली एका वस्तूची किंमत किती रुपयांपासून किती रुपयांपर्यंत आहे ते दिलेलं असतं, तिथला मोठा आकडा बघा. क्रेट किंवा लकी स्पिन असेल, म्हणजे पैसे देऊनही काय निघेल ते नक्की नसेल, तर माझ्या मते ती लॉटरीच आहे आणि ती लेकराच्या हातात नको. यूपीआयचा पिन पोराला माहीत नाही म्हणून निर्धास्त राहू नका. आठवड्याची मेंबरशिप एकदा ऑटोपेवर टाकली की १५,००० रुपयांपर्यंतचा पुढचा हप्ता पिनशिवाय कापला जातो. यूपीआय अॅपमध्ये ऑटोपे किंवा मॅंडेट नावाची यादी उघडून बघा. रोख पैसे देऊन कुणाकडून रिडीम कोड, म्हणजे प्ले स्टोअरवर टाकला की पैसे जमा होतात तो आकडा, घेतला असेल तर तो बँकेच्या मेसेजमध्ये दिसतच नाही. चुकून खरेदी झाली तर प्ले स्टोअरवर ४८ तासांच्या आत रिफंड मागा.

पैसे लावून खेळायचे गेम, रमी असो की दुसरं काही, त्यांचा प्रश्नच नाही. ऑगस्ट २०२५मध्ये संसदेनं कायदा करून ते सगळ्यांसाठीच बंद केले. पण व्हॉट्सअॅप किंवा टेलिग्रामच्या ग्रुपवर दहा-वीस रुपये एन्ट्री घेऊन कस्टम रूम, म्हणजे गेममधली खाजगी मॅच, लावतात, त्याकडे लक्ष ठेवा.

वयाचं कुलूप लावायचं तर प्ले स्टोअर उघडा, वर फोटोवर दाबा, सेटिंग्ज, फॅमिली, पॅरेंटल कंट्रोल्स, मग पिन आणि वय. घरात एकच फोन असेल तर तो बापाच्या खात्यावर चालतो आणि स्टोअर त्याला चाळीस वर्षांचा माणूस समजून सगळं दाखवतं, म्हणून हे कुलूप त्याच फोनवर लावा. प्ले स्टोअरच्या बाहेरून टाकलेल्या एपीके, म्हणजे अॅपच्या फाइलवर मात्र ते चालत नाही. मोबाईलवर फिरणारा जीटीए सॅन अँड्रियास हा पेगीच्या हिशेबानं १८ वर्षांचा गेम, पण दोस्ताकडून फाइल आली की कुणी वय विचारत नाही. सेटिंग्जमध्ये 'इन्स्टॉल अननोन अॅप्स' शोधून क्रोम, व्हॉट्सअॅप आणि फाइल मॅनेजर तिन्हींची परवानगी काढा.

गेमच्या आत विचारलेल्या वयावर तर अजिबात विसंबू नका. बीजीएमआय (बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया) हा गेम मे २०२३मध्ये परत आला तेव्हा १८ खालच्यांना दिवसाला ३ तासांची मर्यादा होती. पण वय पोरगंच सांगणार, आणि पालकाच्या नंबरवर जाणारा ओटीपीही त्याच्याच हातातल्या फोनवर येणार. बीडकडं आई-बाप ऊसतोडीला गेले की लेकरू आजीपाशी असतं आणि आजीचा फोनही तेच चालवतं. तिथं निदान प्ले स्टोअरचा पिन तरी मामानं किंवा काकानं टाकून जावा. दहावीनंतर लातूरला खोलीवर जाणाऱ्या लेकराच्या फोनचं हे सगळं निघायच्या आधी घरीच करा. पिन १२३४ नको, गाडीचा नंबर नको आणि जन्मसालही नको. ते पोरांना आधीच पाठ असतं.