जर्मनीतल्या पाळणाघरात बाळ कसं रुळवतात

जर्मनीत १ ऑगस्ट २०१३ पासून एक वर्ष पूर्ण झालेल्या प्रत्येक मुलाला पाळणाघरात किंवा मुलं सांभाळणाऱ्या बाईंकडे जागा मिळण्याचा कायदेशीर हक्क आहे. प्रत्यक्षात जागा मिळवताना नाकी नऊ येतात, पण तो विषय वेगळा. पाळणाघराला इकडे 'किटा' म्हणतात. तिथे प्रवेश झाला तरी दुसऱ्या दिवसापासून ऑफिसला जाता येत नाही. आधी आई किंवा बाबांपैकी एकाला बाळाबरोबर तिथे बसावं लागतं. भारतातून नव्याने आलेल्यांना हा वेळेचा अपव्यय वाटतो. पण आईपासून दूर होण्याची भीती साधारण आठव्या महिन्यापासून दिसू लागते आणि दीड वर्षापर्यंत जोरात असते, आणि बरीच बाळं नेमकी याच काळात किटात दाखल होतात.

अनेक किटांमध्ये 'बर्लिन पद्धत' चालते. पहिले तीन दिवस पालकाने बाळासह तासभर यायचं आणि एका कोपऱ्यात शांत बसायचं. बाळाला "जा, खेळ" म्हणून ढकलायचं नाही, आणि ते मांडीत शिरलं तर दूरही करायचं नाही. डायपर पालकच बदलतो, किटात बाळाला सांभाळणारी ताई शेजारी उभी राहून बघते. चौथ्या दिवशी पालक निरोप घेऊन खोलीबाहेर जातो, पण इमारतीतच थांबतो. हा दिवस सोमवारी येऊ देत नाहीत, कारण दोन दिवसांच्या सुट्टीने बाळ पुन्हा बिचकतं. ताईच्या कुशीत ते काही मिनिटांत शांत झालं, तर पालक अर्ध्या तासापर्यंत बाहेर राहतो. शांत झालं नाही तर पालकाला दोन-तीन मिनिटांतच आत बोलावतात, आणि मग पुढचे काही दिवस दूर जाण्याचा प्रयत्नच होत नाही. अशा बाळाला दोन-तीन आठवडे लागतात. मधे ताप आला तर आणखी. म्हणून कामावर रुजू होण्याची तारीख किमान महिनाभर पुढची ठेवा.

नजर चुकवून पळणं मात्र कटाक्षाने टाळा. "रडेल थोडं, मग विसरेल" हा घरून मिळणारा सल्ला इथे उलटा पडतो. एकदा फसलेलं बाळ मग घरीसुद्धा आईला बाथरूमला जाऊ देत नाही. निरोप मिनिटभराचा आणि रोज सारखाच असावा: पापी, टाटा, "जेवण झालं की आई येणार". घड्याळातली वेळ त्याला कळत नाही, जेवण कळतं. आजीच्या गोधडीचा तुकडा द्यायचा असेल तर न धुता द्या. घरचा वास हवा.

रडण्याची धास्ती घेऊ नका. रडून, कुशीत जाऊन परत खेळायला लागणारं बाळ रुळतंय. एका जागी थिजून बसलेलं, खेळणी न उचलणारं, न जेवणारं बाळ "किती शहाणं" म्हणून नजरेतून सुटून जातं. रात्री वारंवार दचकून उठणं, अंथरूण ओलं करायची सुटलेली सवय परत येणं, थोड्या मोठ्यांचं रोज सकाळी पोट दुखणं, हीही न रुळल्याची लक्षणंच.

मराठी घरातलं मूल जर्मन किटात काही आठवडे, कधी काही महिने गप्प असतं. भाषा कानावर मुरवत असतं. बोट दाखवत असेल, हसत असेल, तर थांबा. पण घरी बडबडणारं मूल दाराबाहेर आईशीही मराठीत बोलेनासं झालं, तर महिनोन्महिने वाट बघू नका. आणि आधी येणारे शब्द घरीही गेले, तर त्याच आठवड्यात डॉक्टर गाठा. एकविसाव्या ते चोविसाव्या महिन्यात 'ऊ सात' ही ठरलेली तपासणी असते, तेव्हा एरवीच्या शंका विचारता येतात. जाताना घरच्या बडबडीचा व्हिडिओ मोबाइलवर ठेवा, कारण डॉक्टरांसमोर ते तोंड उघडेलच असं नाही.