गॅझेटियर मागून वाचायचं

आमच्या बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात गावची लक्ष्मी यात्रा बऱ्याच वर्षांनी येते, आणि आली की तिच्याबरोबर स्मरणिका येतेच. पुढं देणगीदारांचे फोटो, मागं सिमेंटवाल्यापासून ज्वेलर्सपर्यंत सगळ्यांच्या जाहिराती, आणि मधे कुठंतरी 'आमच्या गावाविषयी' म्हणून दोन पानं. ती दोन पानं या खेपेला माझ्या गळ्यात पडली. मी पतसंस्थेत काम करते, दिवसभर कागदच बघते, म्हणून "तू लिही की, तुला काय अवघड" एवढ्यावर समितीतल्या अण्णांनी विषय संपवला. जाताना जुनी स्मरणिका हातात दिली आणि हीच जरा फिरवून घाल म्हणाले.

जुन्या स्मरणिकेत तलाव शिवकालीन, देऊळ पांडवकालीन आणि लोकसंख्या 'सुमारे' काहीतरी. कुणी सांगितलं, कुठं लिहिलंय, काही पत्ता नाही. ते तसंच उतरवून काढायचं माझ्या जिवावर आलं. म्हटलं, आपल्या गावाबद्दल छापील काय काय आहे ते तरी बघू.

मिळालं ते रगड होतं. मुंबई सरकारनं इंग्रजी अमलात प्रत्येक जिल्ह्याचं गॅझेटियर, म्हणजे जिल्ह्याची सगळी माहिती देणारा सरकारी ग्रंथ, काढलं, जेम्स कॅम्पबेल यांच्या संपादनाखाली. त्यातला २१वा खंड बेळगावचा, १८८४ सालचा. नेटवर त्याची स्कॅन केलेली प्रत फुकट मिळते. शिवाय कर्नाटक सरकारचं १९८७चं बेळगाव गॅझेटियर, आणि २०११च्या जनगणनेची जिल्हा पुस्तिका. सगळं इंग्रजीत. माझं शिक्षण मराठी माध्यमातलं, इंग्रजी वाचता येतं पण बैलगाडीच्या वेगानं. पहिल्या पानापासून सुरू केलं असतं तर यात्रा होऊन पुढची आली असती. म्हणून मी ही पुस्तकं वाचायच्या आधी ती कशी रचलीत ते बघायला बसले. माझ्या मते माहितीच्या पुस्तकाचं निम्मं वाचन तिथंच होतं, आणि शाळेत नेमकं तेच कुणी शिकवत नाही. आपल्याला धडा वाचायला शिकवतात, पुस्तक वाचायला नाही.

पहिलं पान म्हणजे साल. हे क्षुल्लक वाटतं, पण १८८४ हा आकडा डोक्यात ठेवून वाचलं की पुढचे निम्मे घोटाळे होतच नाहीत. तेव्हा खानापूरला रेल्वे पोचलेली नव्हती. लोकसंख्येचे आकडे १८८१च्या खानेसुमारीचे. तालुक्यांची नावंही आजची नाहीत. सौंदत्ती शोधायला गेलात तर तालुका म्हणून परसगड बघावं लागतं, बैलहोंगलच्या भागासाठी संपगाव. सौंदत्तीच्या यल्लम्माला दर वर्षी जाणाऱ्या आमच्या गल्लीतल्या बायकांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांना ते पटलंच नाही.

मग अनुक्रमणिका. एकूण चौदा प्रकरणं. भूवर्णनापासून सुरुवात, मग उत्पन्न, लोक, शेती, सावकारी, व्यापार, इतिहास, जमीन महसूल, न्याय असं करत शेवटाकडे दोन प्रकरणं आपल्या कामाची. तेराव्यात एकेक तालुका घेऊन त्याची हद्द, पाणी, हवा, पिकं सांगितलीत. चौदाव्यात गावं, इंग्रजी अकारविल्हे. हलशी, नंदगड, निपाणी, गोकाक अशा मोठ्या किंवा इतिहासातल्या गावांना तिथं स्वतःची जागा आहे. आमच्या गावाला नाही. इथं एखाद्यानं पुस्तक मिटलं असतं.

पण त्या मालिकेतल्या खंडांना शेवटी सूची असते, आणि गॅझेटियर वाचायचं ते मागूनच असं माझं आता ठाम मत झालंय. सूचीत आमचं गाव होतं. पुढं दोन पानांचे आकडे. एक जंगलाच्या माहितीत, एक जत्रांच्या यादीत. म्हणजे ज्या गावाला चौदाव्या प्रकरणात दोन ओळी मिळाल्या नाहीत, ते व्यापाराच्या प्रकरणात जत्रेच्या निमित्तानं बसलेलं होतं. समोरून वाचत आले असते तर तिथवर पोचायच्या आधीच कंटाळून उठले असते.

आता कुणी म्हणेल, सूची कशाला, सर्चमध्ये नाव टाकायचं. टाकून बघा. त्या काळच्या छपाईत गावांच्या इंग्रजी नावांतल्या स्वरांवर तिरप्या रेघा आहेत, खानापूर लिहिताना दोन्ही 'आ'वर. संगणकाला स्कॅनमधली ती रेघ कधी कळते, कधी तो तिथं भलतंच अक्षर धरतो. त्यात स्पेलिंगही आजचं नाही. माणसानं बसून केलेली सूची अशा वेळी जास्त भरवशाची. फक्त नाव चार तऱ्हेनं कसं लिहिलं असेल ते आधी कागदावर लिहून घ्यायचं.

या गॅझेटियरमधली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे समास. प्रत्येक पानाच्या बाहेरच्या कडेला बारीक अक्षरात प्रकरणाचं नाव, आणि त्याखाली त्या परिच्छेदात कशाबद्दल आहे त्याचा एक-दोन शब्द. डोक्यावर आणखी एक ओळ, त्यात जिल्ह्याचं नाव. त्यामुळं कुठलंही पान उघडा, आपण कुठं आहोत ते तिथल्या तिथं कळतं. मी इतिहासाचं प्रकरण तसंच केलं. मजकुराला हात न लावता नुसता समास वरून खाली वाचत गेले. कदंब, राष्ट्रकूट, रट्ट, यादव अशी नावं उतरत येतात आणि पंधरा मिनिटांत सांगाडा डोक्यात बसतो. मग आमच्या भागाशी संबंध कुणाचा, तर कदंबांचा, कारण हलशी त्यांची. तेवढीच पानं शब्दकोश घेऊन नीट वाचली. हल्लीच्या पुस्तकांनी हा समास का सोडला कळत नाही. कागद वाचवायला असेल.

पैशाचे आकडे वाचताना कंसांकडं लक्ष ठेवावं लागतं. या मालिकेत रक्कम आधी पौंडात येते आणि कंसात रुपये, एका पौंडाला दहा रुपये या हिशोबानं. कंस सोडून नुसता पुढचा आकडा उचलला तर उत्पन्न दहा पटीनं खाली येतं. पतसंस्थेत असल्यामुळं माझी नजर आकड्यांवर आपसूक जाते, पण इतरांनी जपून.

आणि तळटीपा. आधी मला वाटायचं, तळटीप म्हणजे विद्वानांनी एकमेकांना केलेले नमस्कार. इथं त्यांचा उपयोग वेगळाच निघाला. इतिहासाच्या पानांवर खाली पुन्हा पुन्हा 'इंडियन अँटिक्वेरी' हे नाव येतं. हलशीला सापडलेले कदंबांचे ताम्रपट फ्लीट नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं वाचून त्याच मासिकात छापले होते. म्हणजे वरचं वाक्य कुणाच्या तरी ऐकीव गोष्टीवर उभं नाही, खाली तांब्याचा पत्रा आहे. उलट काही वाक्यांना तळटीप नसते आणि वाक्यातच 'स्थानिक लोक सांगतात' अशा अर्थाचं काहीतरी असतं. मी प्रिंट काढून दोन रंगांच्या पेनांनी खुणा केल्या. खाली आधार असलेलं निळं, सांगोवांगी तांबडं. आमच्या तलावाला निळं काहीच मिळालं नाही. तांबडंही नाही.

याच सुमाराला माझी भाची अभ्यासाला आमच्याकडं राहायला आली. यंदा तिचं एसएसएलसीचं, म्हणजे दहावीचं वर्ष, मराठी माध्यम. समाजविज्ञानाच्या पुस्तकात इतिहास, राज्यशास्त्र, समाजशास्त्र, भूगोल, अर्थशास्त्र आणि व्यवसाय अध्ययन असे सहा विभाग, आणि ही पोरगी पहिल्या ओळीपासून मोठ्यानं वाचत सुटायची. अर्ध्या तासानं विचारलं तर काही सांगता यायचं नाही. माझ्या टेबलावर पसरलेला कारभार बघून म्हणाली, "मावशी, तू पुस्तक मागनं वाचतीस व्हय?"

मग तिच्या भूगोलावर तेच करून बघितलं. धडा भारतातल्या मृदांचा. आधी नुसती उपशीर्षकं वाचायला लावली आणि प्रत्येकाचा प्रश्न करायला सांगितला. 'काळी मृदा' दिसलं की, ही कशापासून होते, कुठं सापडते, तिच्यात काय पिकतं. मग ठळक अक्षरातले शब्द, मग नकाशा आणि त्याखालची ओळ, मग शेवटचा स्वाध्याय, आणि सगळ्यात शेवटी धडा. जांभ्या मृदेवर आली तेव्हा थांबली. "म्हणजे आपला चिरा?" होय, आपल्या घराच्या भिंतीतला तोच. जास्त पाऊस आणि उष्ण हवा असली की मातीतली विरघळणारी द्रव्यं धुऊन जातात, लोह आणि ॲल्युमिनियम मागं राहतं, त्या लोहाचा तो तांबडा रंग. कणकुंबीकडं मलप्रभा उगवते त्या पट्ट्यात पाऊस किती पडतो ते तिला ठाऊक होतंच. स्वाध्यायातल्या एका प्रश्नाचं उत्तर तिनं धडा न वाचता नकाशावरूनच दिलं. यावर तिच्या आईचं म्हणणं असं की हे सगळं गाईडमध्ये तयार मिळतं. मिळतं. पण बोर्डाच्या पेपरात भारताचा नकाशा काढून ठिकाणं दाखवायची असतात, ते गाईड पाठ करून जमत नाही.

जनगणनेची पुस्तिका आम्ही दोघींनी मिळून काढली. २०११ला बेळगाव जिल्ह्याची लोकसंख्या ४७,७९,६६१ हे कुठंही मिळतं, मला माझं गाव हवं होतं. पुस्तिकेचे दोन भाग, एकात गावांमधल्या सोयी, दुसऱ्यात माणसांची मोजणी. गावांची अकारविल्हे यादी पुढं दिलेली असते, त्यात गावाचा सहा आकडी संकेतांक सापडला की तो धरून पुढच्या तक्त्यात उतरायचं. नावावर जाऊ नये, कारण एकाच नावाची गावं दोन तालुक्यांत निघतात.

तक्ता मात्र भयंकर. आडवा, पानभर रकाने, प्रत्येक रकान्याला आकडा. आमच्या गावच्या ओळीत प्राथमिक शाळेखाली संख्या होती, पण पुढं बँकेच्या रकान्यात 'बी', कॉलेजच्या रकान्यात 'सी'. भाची म्हणाली, "बँकेत आपल्याला बी ग्रेड मिळालीय की!" मी तिला तक्त्याच्या डोक्यावर जायला सांगितलं. तिथं बारीक अक्षरात किल्ली दिलेली होती. सोय गावात नसेल तर ती सगळ्यात जवळ किती अंतरावर आहे ते अक्षरानं दाखवलंय. 'ए' म्हणजे पाच किलोमीटरच्या आत, 'बी' म्हणजे पाच ते दहा, 'सी' म्हणजे दहाच्या पुढं. ती एक ओळ वाचल्यावर अख्खं पान बोलायला लागलं. ओळीत 'सी' किती आलेत ते बघितलं की गाव किती आडबाजूला आहे ते कळतं. जंगलाकडच्या, भीमगडच्या बाजूच्या गावांच्या ओळी आम्ही मुद्दाम बघितल्या. भाची नंतर बराच वेळ गप्प बसून एकेक गाव काढत होती.

लोकसंख्येचं कोडंही शीर्षकानंच सोडवलं. जुन्या स्मरणिकेतला 'सुमारे' आणि जनगणनेचा आकडा जुळत नव्हते, आणि समितीतले दोघे त्यावरून हमरीतुमरीवर आले होते. तक्ता आहे महसुली गावाचा. महसुली गावात त्याच्या वाड्याही धरलेल्या असतात. जुन्या स्मरणिकेनं बहुतेक नुसतं मूळ गाव मोजलं असावं. मी आकड्याखाली 'वाड्यांसह, जनगणना २०११' असं लिहिलं आणि भांडण मिटलं.

तलावाचं मिटायला वेळ लागला. मी लिहिलं होतं, 'गावकरी हा तलाव शिवकालीन मानतात.' अण्णांना 'मानतात' नको होतं, 'आहे' हवं होतं. मी निळी-तांबडी पानं त्यांच्यापुढं पसरली. हलशीच्या मजकुराखाली तळटीप आहे, आपल्या तलावाला नाही, एवढंच सांगितलं. "इंग्रजानं लिहिलं नाही म्हणून खोटं काय?" त्यांचा मुद्दा अगदीच चुकीचा नव्हता. कॅम्पबेलच्या माणसांनी काय विचारलं आणि कुणाला विचारलं, त्यावर पुस्तकात काय आलं ते ठरलं. आमच्यासारख्या लहान गावात ते बहुतेक आलेच नसतील. पण लिहिलेलं नाही म्हणून मी 'आहे' म्हणायला तयार झाले नाही. शेवटी 'मानतात' राहिलं, आणि पुढं, तलावाच्या बांधावरचा कोरीव दगड अजून कुणा जाणकारानं वाचलेला नाही, असं एक वाक्य आलं. ते अण्णांनीच सुचवलं.

शेवटचं काम नकाशाचं. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशाचं प्रमाण एकास पन्नास हजार, म्हणजे कागदावरचे दोन सेंटीमीटर जमिनीवर एक किलोमीटर. त्यावरून भाचीनं गाव, ओढा, देऊळ, तलाव आणि यात्रेचा गाडा फिरतो तो रस्ता काढला, कोपऱ्यात खुणांचा तक्ता केला, उत्तर दाखवली आणि खाली 'दोन सेंटीमीटर = एक किलोमीटर' असं लिहिलं. छापखान्यातून फोन आला की पानात जाहिरात बसवायचीय, नकाशा थोडा लहान करतोय. लहान केला की ती ओळ खोटी. मी त्यांना थांबवलं आणि भाचीला त्या ओळीऐवजी खणाखणांची पट्टी काढायला लावली, शून्य, अर्धा, एक किलोमीटर अशी. चित्राबरोबर पट्टीही लहान होते, त्यामुळं मोजमाप बिघडत नाही. छापखानेवाल्यानं मग नकाशा चांगला पाव पानावर आणला, पण त्यावरून देऊळ ते तलाव अंतर अजून बरोबर निघतं.