रूम करेक्शनचा डबा: इंटरफेस आणि मॉनिटर यांच्या मध्ये मिनीडीएसपी जोडताना

रूम करेक्शनचं, म्हणजे खोलीमुळे बिघडणारा आवाज सुधारणारं, प्लगइन मास्टर ट्रॅकवर टाकलं की एक घोटाळा कधी ना कधी होतोच. बाउन्स करताना, म्हणजे गाण्याची अंतिम फाइल काढताना, ते बंद करायचं राहून जातं आणि खोलीसाठी केलेला ईक्यू (कमी-जास्त केलेल्या फ्रिक्वेन्सी) गाण्यातच छापला जातो. म्हणून करेक्शन संगणकाबाहेर, इंटरफेसच्या (संगणकाचा आवाज बाहेर काढणाऱ्या उपकरणाच्या) पुढे आणि स्पीकरच्या आधी असावं, हे माझं ठाम मत आहे. मग प्रोजेक्ट असो की यूट्यूबवरचं रेफरन्स गाणं, सगळं त्याच वाटेने ऐकू येतं. हेडफोन इंटरफेसमधून थेट चालत असल्याने गायकाच्या कानाला काही फरक पडत नाही.

इथे धरलेली साखळी अशी: दोन आउटपुटचा साधा यूएसबी इंटरफेस, मिनीडीएसपी २×४ एचडी (करेक्शन करणारा डबा), दोन पॉवर्ड मॉनिटर (आतच अॅम्प्लिफायर असलेले स्टुडिओ स्पीकर) आणि मोजणीसाठी यूमिक-१ माइक.

सगळ्यात जास्त चुका वायरीत होतात. इंटरफेसचे आउटपुट बॅलन्स्ड टीआरएस असतात, म्हणजे टिप, रिंग आणि स्लीव्ह असे तीन भाग असलेला जॅक; मिनीडीएसपीचे जॅक अनबॅलन्स्ड आरसीए, म्हणजे मधला पिन आणि भोवतीचं शील्ड एवढंच. दुकानात ‘एका स्टीरिओ जॅकला दोन आरसीए’ अशी केबल सहज मिळते, ती इथे अजिबात वापरू नका. बॅलन्स्ड जॅकच्या टिपवर आणि रिंगवर एकच सिग्नल उलटसुलट असतो. त्यामुळे दोन्ही स्पीकरमधून एकच चॅनल उलट्या पोलॅरिटीने वाजतो आणि बेस गायब होतो. प्रत्येक चॅनलला स्वतंत्र केबल हवी: टिप आरसीएच्या मधल्या पिनला, स्लीव्ह शील्डला, रिंग मोकळी. तयार मोनो केबलमध्ये रिंग आणि स्लीव्ह शॉर्ट होतात. इंटरफेसला ते चालतं का, हे मॅन्युअलमध्ये आधी बघा. मॉनिटरकडे एक्सएलआर (तीन पिनांचा सॉकेट) असेल तर दोन तारांची शील्डेड केबल घ्या: आरसीएचा मधला पिन एक्सएलआरच्या पिन २ ला, पिन ३ ची तार आरसीएच्या टोकाला शील्डशी जोडलेली, शील्ड पिन १ ला.

मग लेव्हल. बऱ्याच इंटरफेसचा कमाल आउटपुट +१६ डीबीयूच्या आसपास असतो, म्हणजे जवळपास ४.९ व्होल्ट. मिनीडीएसपीचा इनपुट आतल्या जंपरप्रमाणे २ किंवा ४ व्होल्टला भरतो. रिंग मोकळी ठेवली की काही इंटरफेसमधून निम्मंच व्होल्टेज मिळतं, काहींतून पूर्ण. त्यामुळे अंदाजावर न जाता मोजा. स्पीकर बंद ठेवून १ किलोहर्ट्झचा फुल-स्केल साइन टोन सोडा, डिव्हाइस कन्सोलमधला (मिनीडीएसपीच्या संगणकावरच्या सॉफ्टवेअरमधला) इनपुट मीटर बघत इंटरफेसचा नॉब -३ डीबीपर्यंत आणा आणि तिथे पेन्सिलने खूण करा. आवाज जास्त वाटला तर मॉनिटरच्या मागचा ट्रिम (लेव्हलचा नॉब) कमी करा. इंटरफेसचा नॉब अगदी खाली आणि स्पीकरचा ट्रिम पूर्ण वर असेल, तर डब्याचा स्वतःचा हिस शांत भागात ऐकू येतो.

कन्सोलमध्ये दोन गोष्टी नजरेतून सुटतात. सोर्स ‘अॅनालॉग’ वर नसेल तर काहीच वाजणार नाही. राउटिंगमध्ये इनपुट १ आउटपुट १ ला आणि इनपुट २ आउटपुट २ ला गेला पाहिजे, नाहीतर दोन्ही स्पीकर डावा चॅनलच वाजवत बसतील. सेटिंग झालं की डब्याची यूएसबी केबल काढून टाका. लॅपटॉपला ती लागलेली राहिली तर इंटरफेसबरोबर ग्राउंड लूप (अर्थिंगच्या दोन वाटांचं वेटोळं) तयार होऊन हम, म्हणजे घुमणारा आवाज, येऊ शकतो. सगळी उपकरणं एकाच पॉवर स्ट्रिपवर ठेवा. सुरू करताना स्पीकर शेवटी, बंद करताना स्पीकर आधी.

मोजणीसाठी आरईडब्ल्यू, म्हणजे रूम ईक्यू विझार्ड हे सॉफ्टवेअर. माइकच्या सीरियल नंबरची कॅलिब्रेशन फाइल (त्या माइकच्या स्वतःच्या चुका भरून काढणारी) उतरवून घ्या. माइक छताकडे रोखला असेल तर ९० अंशांची फाइल लावा. यूमिक-१ हे वेगळं यूएसबी उपकरण आहे आणि तो ४८ किलोहर्ट्झवरच चालतो. विंडोजवर इंटरफेसच्या एएसआयओ ड्रायव्हरमध्ये तो दिसणार नाही, तिथे जावा ड्रायव्हर निवडा. बसण्याच्या जागी ७५ डीबी ठेवून डावा आणि उजवा स्पीकर वेगवेगळा मोजा. कानाच्या जागेभोवती वीतभर अंतराने सात-आठ मोजण्या घेऊन सरासरी काढा.

आलेख कसा दिसेल याचा अंदाज आधीच बांधता येतो. १२ × १० फूट आणि ९ फूट उंचीच्या खोलीत पहिले मोड (भिंतींमध्ये घुमून फुगणाऱ्या फ्रिक्वेन्सी) साधारण ४७, ५७ आणि ६३ हर्ट्झला पडतात. आपल्या फ्लॅटच्या विटा-काँक्रीटच्या भिंती बेस बाहेर जाऊ देत नाहीत, म्हणून हे उंचवटे चांगलेच टोकदार असतात. अशा खोलीत रिव्हर्ब टाइम (आवाज विरायला लागणारा वेळ) ०.४ सेकंद धरला तर श्रोडर फ्रिक्वेन्सी, म्हणजे जिच्या खाली वेगवेगळे मोड ठळक दिसतात ती हद्द, २३० हर्ट्झच्या आसपास येते. करेक्शन तिथवरच ठेवा. त्यावरचा आलेख डोकं चार बोटं हललं तरी बदलतो, त्याच्या मागे लागण्यात अर्थ नाही.

ईक्यूने फक्त कट करा, म्हणजे उंचवटे कापा; बूस्ट, म्हणजे वाढवणं, शून्य. आलेखातला खड्डा बहुतेकदा भिंतीवरून परतलेल्या लाटेमुळे पडतो. स्पीकर मागच्या भिंतीपासून ६० सेंटिमीटरवर असेल तर १४४ हर्ट्झजवळ दोन्ही लाटा एकमेकींना मारतात. तिथे ९ डीबी वाढवले तर थेट लाट वाढते तशी परतलेली लाटही वाढते, खड्डा जिथल्या तिथे राहतो आणि अॅम्प्लिफायरवर आठपट ताण येतो. त्यावर उपाय स्पीकर किंवा खुर्ची सरकवणं, नाहीतर भिंतीवर जाड रॉकवूल.

आरईडब्ल्यूच्या ईक्यू विंडोत उपकरण म्हणून ‘२×४ एचडी’ हेच निवडा. हा डबा ९६ किलोहर्ट्झवर चालतो आणि बायक्वॉडचे (प्रत्येक ईक्यू फिल्टरचे) आकडे सॅम्पल रेटवर अवलंबून असतात. जुन्या ४८ किलोहर्ट्झच्या २×४ साठी काढलेली फाइल भरली, तर ४७ हर्ट्झचा कट ९४ हर्ट्झला जाऊन बसतो. मॅच रेंजचा (ज्या पट्ट्यात फिल्टर काढायचे त्याचा) वरचा आकडा २३०, खालचा आकडा स्पीकर जिथे स्वतःच उतरायला लागतो तिथला. प्रत्येक आउटपुटला दहा फिल्टर मिळतात, पण पाच-सहांतच काम भागतं. एफआयआर हा दुसऱ्या प्रकारचा, जास्त उशीर करणारा फिल्टर टाळा. त्याचे लिनिअर फेजचे २०४८ टॅप (गणिताचे टप्पे) ९६ किलोहर्ट्झवर सुमारे १०.७ मिलिसेकंद उशीर करतात, आणि स्पीकरवर ऐकत कीबोर्ड वाजवताना तो बोटांना जाणवतो.

फिल्टर भरल्यावर त्याच जागांवरून पुन्हा मोजा. प्रीसेट १ मध्ये करेक्शन ठेवा, प्रीसेट २ सपाट. कट केल्यामुळे पहिला थोडा हळू वाजेल, म्हणून पिंक नॉइज (सगळ्या फ्रिक्वेन्सींचा चाचणीचा खरखराट) लावून दुसऱ्याची लेव्हल तेवढीच खाली आणा आणि मगच दोन्हींची तुलना करा.